काळी, पांढरी आणि आपल्या घरांच्या भिंती



इतिहासाच्या व्याख्यानास आलेल्या मंडळींपुढे भिंतींच्या रंगाचा विषय मांडावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह, सनावळ्या. रंग म्हटला म्हणजे दिवाळीपूर्वीची किंवा लग्नसराईतली घरगुती कटकट. पण ही कटकट ज्याने अनुभवली आहे, त्याला ठाऊक असते की, घरातल्या माणसांत एवढा वाद दुसऱ्या कोणत्याही खरेदीवरून होत नाही. दुकानदार रंगांच्या चौकोनांचे कार्ड हाती देतो. त्यावर नुसत्या पांढऱ्याच्याच पंचवीसतीस जाती असतात; पुढे बदामी, राखाडी, मोतिया यांची रांग लागते. थोरला म्हणतो, राखी द्या. गृहिणी म्हणते, सायीचा द्या. म्हातारी माणसे म्हणतात, चुना काय वाईट होता? आणि अखेर सर्वांचे एका गोष्टीवर एकमत होते : फिका द्यावा, म्हणजे चूक होणार नाही.

हे जे 'फिका दिला म्हणजे चूक होत नाही' असे आपण समजतो, ते खरे आहे काय, एवढाच आजचा प्रश्न आहे. आमचे उत्तर असे की, ते खरे नाही. फिका रंगही बाजू घेतो. तो उजेडाची बाजू घेतो किंवा अंधाराची. भिंतीची बाजू घेतो किंवा तिच्याशी वैर करतो. आणि घरात राहणाऱ्या माणसांपैकी कोणाची तरी बाजू घेतो, कोणाला तरी विसरतो. आपल्या शहराचा आणि परिसराचा इतिहास या दृष्टीने पाहिला, तर तो हेच सांगतो.

प्रथम शब्दांकडे पाहू. इंग्रजीत ज्यांना 'न्यूट्रल' रंग म्हणतात, त्यांना मराठीत सर्वमान्य असा एकच शब्द नाही. आपण फिका म्हणतो, सौम्य म्हणतो, फार तर साधा म्हणतो. एक नाव नाही, पण नावांची गर्दी आहे. पांढरा, पांढुरका, दुधी, सायीचा, मोतिया, हस्तिदंती, बदामी, गव्हाळ, चंदनी, मातकट, भुरा, करडा, राखाडी, खाकी. यांतले बहुतेक शब्द कोणत्या ना कोणत्या पदार्थावरून आलेले आहेत. दूध, साय, मोती, गहू, माती, राख. 'खाकी' तर फारसीतल्या 'खाक' म्हणजे धूळ या शब्दापासून आला. आपल्या पूर्वजांना 'रंगहीन रंग' अशी कल्पना सुचलीच नाही. प्रत्येक फिक्या रंगामागे त्यांना एखादी वस्तू दिसत होती आणि ती वस्तू बहुधा घरातली किंवा शेतातली होती.

आपल्या भूमीकडे पाहिले म्हणजे याचे कारण कळते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे हे पठार बनले. त्याचा खडक काळा बेसाल्ट. तो झिजून झालेली माती काळी, कापसाची. त्याच काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. डोंगरकड्यांतून कोठे तांबडी, कोठे पिवळी, कोठे हिरवट माती मिळते. मराठी मुलखात जमिनीचे दोन भाग मानले जात : पिकाची ती काळी आणि गाव वसले ती पांढरी. जुन्या कागदपत्रांतून 'काळी-पांढरी' हा जोडशब्द सर्रास येतो. ही पांढरी पांढरी का? पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी माणसे राहिली, त्यांच्या चुलींची राख, शेणमातीचे पोतेरे, पडलेल्या भिंतींचा चिखल आणि चुना यांचे थर साचत गेले, त्यामुळे तेथील माती फिकी झाली. उत्खनन करणारे पंडित प्राचीन वस्तीचा शोध घेताना या पांढरीच्या टेकाडांकडे आधी वळतात. म्हणजे ज्याला आपण आज मळकट पांढरा म्हणून कार्डावरून निवडतो, तो आपल्याकडे शेकडो वर्षांच्या राहत्या घरांचा रंग आहे. ही पांढरी मात्र सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही. ज्यांना समाजाने अस्पृश्य मानले, त्यांची घरे गावकुसाबाहेर राहिली. रंगाचा इतिहास सांगताना ही गोष्ट वगळता येणार नाही.

मराठवाड्यातले जुने घर याच मातीतून उभे राहिले. जाड भिंती, वर माळवद, माळवदावर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो अशा मुलखात ही जाडी आणि हा फिका रंग हौसेखातर आलेला नव्हता. पांढरा पृष्ठभाग उन्हाचा मोठा भाग परत फेकतो; ताज्या चुन्याच्या सफेतीकडून तर सुमारे चारपंचमांश ऊन परत जाते. काळ्या खडकाचे याच्या उलट आहे. दुपारी उघड्या कातळावर पाय ठेवून पाहावा, म्हणजे पोथीतले शास्त्र तळव्याला कळते.

आता थोडे मागे, वेरूळला जाऊ. कैलास लेणे पाहून परतणारा प्रवासी त्या काळ्या-करड्या पाषाणाच्या गांभीर्याने भारावून येतो. पण आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी ज्या कामाचा मोठा भाग झाला, ते मंदिर असे काळे ठेवण्यासाठी घडवलेले नव्हते. त्यावर गिलावा होता, पांढरा लेप होता, चित्रे होती. आजही छतांवर आणि आडोशाच्या जागी त्याचे अवशेष दिसतात. या लेण्याला 'रंगमहाल' असे जुने नाव होते, ते उगीच पडलेले नाही. काळ्या डोंगरातून कोरलेला हिमाच्छादित कैलास पांढराच हवा, हे आपल्याला सुचत नाही, कारण पाऊस आणि वारा यांनी तो पांढरा रंग नेला आणि उरलेल्या दगडालाच आपण त्या मंदिराचा मूळ रंग समजलो.

युरोपात याच्या नेमके उलट घडले. ग्रीकांचे पुतळे आणि देवळे रंगवलेली होती. काळाच्या ओघात रंग गेला, पांढरा संगमरवर उरला. अठराव्या शतकात विंकलमानसारख्या जर्मन पंडिताने त्या शुभ्रतेतच सौंदर्याचा आदर्श पाहिला. त्याचा मोठा ग्रंथ १७६४ सालचा. तेथून पांढरी भिंत, पांढरा खांब म्हणजे सुसंस्कृतपणा ही समजूत जगभर पसरली. त्यांनी रंगीत गोष्ट पांढरी समजून पूजली; आपण पांढरी आणि रंगीत गोष्ट काळी समजून तिच्यापुढे हात जोडतो. दोन्हीकडे ज्याला साधेपणा म्हटले गेले, ते रंग धुऊन गेल्यावर उरलेले होते.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी भिंत कशी तयार केली, तेही पाहण्याजोगे आहे. खडबडीत कातळावर प्रथम माती, वाळू, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा. त्यावर अधिक बारीक मातीचा हात. आणि त्यावर चुन्याचा पातळ पांढरा लेप. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते, हे आपल्याच शहरातील विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सहभागाने झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले आहे. पांढऱ्या लेपावर जे रंग आले, ते बहुतेक मातीचे : तांबडी काव, पिवळी पिवडी, खडकातली हिरवी माती, दिव्याची काजळी. निळा तेवढा अफगाणिस्तानच्या बाजूने येणाऱ्या लाजवर्दाचा. जे जवळ मिळाले, ते हात मोकळा सोडून वापरले. जे दुरून आले, ते जपून.

या चित्रांच्या बाबतीत पुढे एक प्रसंग घडला, तो आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. निजाम सरकारच्या पुराणवस्तु खात्याने, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख असताना, १९२० नंतरच्या एकदोन वर्षांत चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा भिंतीला पुन्हा धरवला, हे मोठेच काम केले. पण चित्रांच्या रक्षणासाठी वर लाखेचे रोगण दिले गेले. कालांतराने ते रोगण पिवळे पडले, त्याला तडे गेले आणि ते काढण्यासाठी पुढील पिढ्यांतील रसायनज्ञांना खपावे लागले. हेतू चांगला होता. पण भिंतीच्या अंगावर जे चढवतो, ते तिच्या प्रकृतीला मानवेल की नाही, हा प्रश्न सुटला नव्हता. हा प्रश्न लक्षात ठेवावा. पुढे आमच्या घराच्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

आता शहरात येऊ. मलिक अंबराने १६१० साली खडकी वसवली. खडकीचे फतेहनगर झाले, फतेहनगरचे औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. 'खडकी' या पहिल्या नावातच येथील काळा खडक आहे. याच खडकाळ गावात पांढऱ्या रंगाचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग झाला, तो बीबी का मकबऱ्याचा. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू १६५७ साली येथे वारली. तिच्या या कबरीचे काम पुढील तीनचार वर्षांत झाले, ते शहाजादा आझमशहाच्या नावाशी जोडले जाते. शिलालेखात अताउल्ला हा स्थपती आणि हंसपतराय हा अभियंता यांची नावे आहेत. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचे नाव निगडित आहे त्या उस्ताद अहमद लाहोरीचा पुत्र.

ताजमहालाशी तुलना करून मकबऱ्याला 'गरिबांचा ताज' म्हणून हिणवण्याची आपल्याकडे चाल पडली आहे. वस्तुस्थिती अशी की, त्याच्या मुख्य इमारतीला खालच्या भागात कंबरपट्टीपर्यंत संगमरवर आहे, घुमट संगमरवरी आहे आणि मधला सारा भाग आपल्याच काळ्या दगडाचा असून त्यावर घोटीव चुन्याचा गिलावा आहे. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याने सुरतेहून येताना संगमरवराने भरलेल्या सुमारे ३०० गाड्या या शहराकडे चाललेल्या पाहिल्या. लहानात लहान गाडीलाही बारा बैल होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. ज्या दगडाला इतके बैल लागतात, तो बेताने वापरावा, हा हिशेब झाला. पण उरलेली शुभ्रता कोणी दिली? ती चुना मळणाऱ्या, घोटणाऱ्या गवंड्यांनी दिली. त्या कारागिरांची नावे शिलालेखात नाहीत. आम्हांला तर मकबऱ्यात ताजची नक्कल कमी आणि आपल्या घरांची भिंतच अधिक दिसते : आत काळा दगड, बाहेर पांढरा चुना. राजघराण्याने जे केले तेच, ऐपतीप्रमाणे, गुलमंडीच्या वाड्याने केले आणि खेड्यातल्या माळवदाच्या घराने केले.

हा चुना म्हणजे काय चीज आहे, हे आता पुष्कळांना माहीत नसते. चुनखडी भट्टीत भाजली म्हणजे तिच्यातला कर्बवायू निघून जातो आणि चुनकळी उरते. चुनकळीवर पाणी घातले की ती फसफसते, उकळते, फुटते. तो विरलेला चुना बरेच दिवस पाण्याखाली ठेवावा लागे. बांधकामाचा चुना बैलाच्या घाणीत मळत. त्यात बेलफळाचे किंवा गुळाचे पाणी घालत. सफेतीसाठी पातळ केलेल्या चुन्यात धरून राहण्यासाठी डिंक किंवा मीठ घालत आणि पिवळी झाक मारण्यासाठी चिमूटभर नीळ. हा लेप भिंतीवर वाळताना हवेतला कर्बवायू पुन्हा घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडीच बनतो. दगड भाजून पातळ करावा, भिंतीवर पसरावा आणि तेथे त्याचा पुन्हा दगड व्हावा, असा हा फेरा आहे. शिवाय त्या लेपाला सूक्ष्म छिद्रे असतात. भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडते.

चुन्याच्या दाहकतेने किडे आणि जंतू मरतात, हा अनुभव जुना. पण या गुणाने एकदा चुन्याला कडू चवही दिली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या आरंभी तो पुण्यास पोचला. तेथे रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सैनिकांकरवी घरांची झडती घेतली, सामान बाहेर काढले, घरे धुऊन काढली आणि चुन्याने सारवली. त्या पांढऱ्या भिंती घरमालकांनी निवडलेल्या नव्हत्या. त्या त्यांच्यावर लादलेल्या होत्या. जो चुना दिवाळीला माणसाने हौसेने लावला तर मंगल, तोच शिपायाने दार फोडून लावला तर अपमान. रंग एकच, पण तो कोणी आणि कोणाच्या इच्छेने लावला यावर त्याचा अर्थ ठरला.

आपल्या जुन्या घरांत सारी भिंत पांढरी क्वचितच असे. वर चुना आणि खाली, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या किंवा कंबरेएवढ्या उंचीपर्यंत कावेचा तांबडा पट्टा. गोव्यात आणि कोकणात याच काव-चुन्याच्या जोडीतून 'कावी' नावाची भित्तिकला बहरली. आमच्याकडे तेवढी कलाकुसर नव्हती, साधा पट्टाच. मुलांचे हात, पावसाचे शिंतोडे, टेकून बसणाऱ्यांच्या पाठी यांचे डाग झाकण्यासाठी तो असतो, एवढेच आम्हीही समजत होतो. त्याचा आणखी एक उपयोग आम्हांला फार उशिरा आणि फार वाईट रीतीने कळला.

तो सांगण्यापूर्वी बाजारातल्या रंगांचा वृत्तांत थोडक्यात दिला पाहिजे. तेलात खललेला पांढरा रंग पूर्वी शिशापासून केलेल्या सफेत्याचा असे. तो चांगला झाकत असे, पण विषारी होता. रंगारी त्याने आजारी पडत. १९२१ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रमपरिषदेत घरांच्या आतील रंगकामात शिशाचा सफेता वापरण्यास बंदी घालणारा करार झाला. त्याच सुमारास टिटॅनियमपासूनचा निर्विष आणि अधिक शुभ्र पांढरा बाजारात येऊ लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यात मिसळणारे, ज्यांना आपण 'प्लॅस्टिक पेंट' म्हणतो ते रंग आले. आपल्या देशात १९४२ साली मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स ही कंपनी काढली. हाती कुंचला घेतलेला तिचा खोडकर गट्टू १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी काढला आणि डिस्टेंपर घरोघर पोचले. शिशाची गोष्ट मात्र तेथेच संपली नव्हती. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम २०१६ साली झाला आणि २०१७ पासून अमलात आला. तेव्हा जुन्या दारांखिडक्यांवरचा जुना तेलरंग कोरडाच घासू नये. पाणी मारून घासावा, लहान मुलांना दूर ठेवावे. ही सूचना व्याख्यानाबाहेरची वाटली तरी ती देणे आमचे कर्तव्य आहे.

नव्या रंगांबरोबर एक नवी गोष्ट घरात आली, ती म्हणजे निवड. चुना होता तेव्हा रंग निवडण्याचा प्रश्न नव्हता. फार तर निळीची चिमूट कमीजास्त. आता कार्डावरचे शेकडो चौकोन समोर आले आणि माणूस बावरला. बावरलेला माणूस फिक्याचा आश्रय घेतो. आम्हीही घेतला.

शहराच्या जुन्या भागात आमचे वडिलोपार्जित घर आहे. काही वर्षांपूर्वी घरात लग्न निघाले, तेव्हा ते रंगवायचे ठरले. तरुण मंडळींनी कार्ड पाहून राखाडी रंग पसंत केला. शहाबादी फरशीला तो शोभून दिसेल असे आम्हां सर्वांचेच मत पडले. रंगकामाला आलेले वयस्क रंगारी चाचा भिंतीवर हात फिरवून म्हणाले, "दिवाल चुने की है साब, इसको चुनाच होना." आपल्या शहरातली ही दखनी बोली सर्वांना समजते, त्या दिवशी आम्हांला ती समजली नाही. आम्ही हसून म्हटले, "चाचा, आता चुना कोण लावतो?" जुना कावेचा पट्टा घासून काढला आणि जमिनीपासून आढ्यापर्यंत एकच राखाडी हात फिरला. घर नवे दिसू लागले. पाहुण्यांनी वाखाणले.

आमच्या आत्याबाई त्या वेळी ऐंशीच्या घरात होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू; एकाची शस्त्रक्रिया झालेली, दुसऱ्याची लांबलेली. पण त्या घरात त्यांचे आयुष्य गेले होते. माजघरातून देवघरात त्या कोणाच्या हाताशिवाय जात. रंग दिल्यावर त्या भिंतीला हात लावून चालू लागल्या, हे आम्ही पाहिले. पण त्याचा विचार केला नाही. एके दिवशी संध्याकाळी दिवा लावण्यापूर्वी त्या देवघराच्या उंबऱ्यापाशी पडल्या. हाड मोडले नाही, हे नशीब; पण महिनाभर अंथरुणाला खिळल्या. आम्ही विचारले, "आत्या, रोजच्या वाटेवर पाय कसा चुकला?" त्या म्हणाल्या, "अरे बाबांनो, भिंत कुठं संपती अन्‌ फरशी कुठं लागती, तेच दिसंना मला. आधी तांबडी रेघ होती ना."

ती तांबडी रेघ डाग झाकण्यासाठी होती, असे आम्ही इतकी वर्षे मानले. ती अंधाऱ्या माजघरात, समईच्या उजेडात, थकलेल्या डोळ्यांना वाट दाखवण्यासाठीही होती. राखाडी फरशीला राखाडी भिंत जोडून आम्ही घर शोभिवंत केले आणि ज्या माणसाने सर्वांत अधिक काळ त्या घरात काढला, त्याचीच वाट पुसून टाकली. कोणाचीही बाजू न घेणारा म्हणून आम्ही तो रंग निवडला होता. त्याने आमच्या डोळ्यांची बाजू घेतली, आत्याबाईंच्या नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात चाचांचेही म्हणणे खरे ठरले. जाड भिंतीत शिरलेल्या ओलीला प्लॅस्टिकच्या पापुद्र्यातून वाट मिळेना. फुगे आले, पोपडे सुटले, खाली मिठासारखा पांढरा लोणा फुलला. अजिंठ्याच्या रोगणाची गोष्ट आम्हांला वाचून माहीत होती. ती आमच्याच माजघरात घडेपर्यंत कळली मात्र नव्हती. चाचांना पुन्हा बोलावले. ते एका शब्दाने बोलले नाहीत. खरवडणी घेऊन कामाला लागले. पोपडा निघाला तशी त्याखाली नखाएवढ्या जाडीत थरावर थर दिसू लागले. राखाडीखाली फिका गुलाबी, त्याखाली पोपटी, मग निळसर पांढरा, पुन्हा पांढरा, मध्ये धुराने काळवंडलेली एक बारीक रेघ आणि तळाशी नुसता पांढरा. आत्याबाई खाटेवरून सांगत होत्या : गुलाबी माझ्या धाकट्या भावाच्या लग्नातला, पोपटी कोणाला आवडला नव्हता, आणि ती काळी रेघ वीज येण्यापूर्वीच्या चिमण्यांची. ज्या भिंतीला आम्ही कोरी समजलो होतो, ती आमच्या घराची बखर होती.

त्या खोलीला पुन्हा चुना दिला, चिमूटभर नीळ घातली आणि खाली कावेचा पट्टा ओढला. आत्याबाई त्यानंतर तीन वर्षे होत्या. देवघरात त्या पुन्हा आपल्या पायांनी जात.

एवढ्यावरून सर्वांनी चुन्याकडे परतावे, असा आमचा आग्रह नाही. शहरातल्या बहुतेक वसाहतींची घरे विटासिमेंटची आहेत. त्यांच्या भिंतींची प्रकृती निराळी, त्यांना नवे रंग मानवतात. आमचे सांगणे इतकेच की, कार्डाकडे पाहण्याआधी चार गोष्टींकडे पाहावे.

पहिली गोष्ट भिंत. ती चुन्यामातीची आहे की सिमेंटची, हे जाणत्या हाताला विचारावे. आणि तो हात सांगेल ते ऐकावे.

दुसरी गोष्ट उजेड. आपले शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे २० अक्षांशांवर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे दोन महिने दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो. एरवी वर्षभर दक्षिणेस. उत्तरेच्या खोलीला बहुतेक वर्ष थेट ऊन मिळत नाही. तेथील उजेड शांत, किंचित निळसर. अशा खोलीत राखाडी रंग अधिकच थंड आणि उदास दिसतो; तेथे साय, बदाम, गहू यांच्या जातीचा फिका रंग बरा. पश्चिमेच्या खोलीत तिसऱ्या प्रहरी तांबूस ऊन शिरते. तेथे पिवळट पांढरा तापल्यासारखा दिसतो, म्हणून निळीच्या झाकेचा पांढरा किंवा हलका करडा चालतो. स्वयंपाकघरात आणि मुलांच्या अभ्यासाच्या जागी जितका अधिक उजेड परत येईल तितका चांगला. छत बहुधा पांढरेच असावे, कारण दिव्याचा उजेड तेथून खाली येतो. आणि नमुन्याचा हातभर चौकोन भिंतीवर लावून तो सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला, असा तीनदा पाहिल्यावाचून डबा उघडू नये.

तिसरी गोष्ट जमीन. फरशीचा रंग भिंतीवर चढतो. तांबड्या कोब्याशेजारी पांढरी भिंत गुलाबीसर दिसते, शहाबादीशेजारी करडी.

चौथी गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत मोठी, म्हणजे माणसे. त्या खोलीत कोण राहणार आहे, त्याचे डोळे कसे आहेत, तो रात्री उठून कोणत्या बाजूला जातो, हे विचारावे. जेथे म्हातारे माणूस आहे, तेथे भिंत आणि जमीन, दार आणि चौकट, पायरी आणि तिची कड यांचे रंग एकमेकांत मिसळू देऊ नयेत. मग तो पट्टा कावेचा असो की आजच्या तपकिरी रंगाचा.

श्रोते हो, आपल्या भूमीत काळी आणि पांढरी यांची जोडी आहे. काळीने अन्न दिले, पांढरीने घर दिले. त्या पांढरीवर तांबडी रेघ कोणी, केव्हा प्रथम ओढली, त्याचा कागद नाही. ती बहुधा एखाद्या बाईने, हातातल्या पोतेऱ्याने, घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहून ओढली असावी, असे आम्हांला आता वाटते. यंदा आपल्या घराला रंग द्यावयाचा असेल तर कार्ड उघडण्यापूर्वी घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला त्या खोलीतून एकदा चालून दाखवायला सांगावे. रंगाचा निर्णय त्यानंतर करावा.